प्रवासवर्णनांतील जमाखर्च

प्रवासवर्णनांचें परीक्षण करण्याची आपल्याकडील रीत बहुधा ठराविक आहे. लेखकाची निरीक्षणशक्ति कितपत सूक्ष्म आहे, सृष्टिवर्णनें साधलीं आहेत कीं नाहींत, परक्या लोकांच्या चालीरीतींकडे तो सहानुभूतीनें पाहतो कीं उपहासानें, आणि त्याच्या विनोदाला कांहीं धार आहे काय, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या म्हणजे परीक्षकाचें काम संपलें असें समजण्यांत येतें. लेखकानें वाटेंत पैसे किती खर्च केले, ते कोणास दिले, आणि देतांना त्याच्या मनांत कोणता भाव होता, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. जमाखर्च हा वाङ्‌मयाचा विषय नव्हे, तो पुस्तकाच्या शेवटीं परिशिष्टांत घालावयाचा मजकूर, अशी आपली समजूत आहे. आम्हांस ही समजूत बरोबर वाटत नाहीं. प्रवाशाच्या लेखणींतून उतरलेलीं डोंगरांचीं आणि देवळांचीं वर्णनें थोडींबहुत पूर्वसूरींच्या अनुकरणानें सजविलेलीं असतात; परंतु कोंबडीची किंमत, घोड्याचें भाडें आणि हमालाची मजुरी लिहितांना तो बेसावध असतो, आणि बेसावध मनुष्याचाच स्वभाव चांगला कळतो. आशिया खंडांत राहण्याफिरण्यास परकीयास काय खर्च येतो, ही गोष्ट तर जवळ जवळ सातशें वर्षें प्रवासी लोक लिहीत आलेले आहेत. त्यांतील कांहीं ठळक ग्रंथ या एकाच दृष्टीनें तपासून पाहावे, एवढा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करणें अवश्य आहे. ‘स्वस्त’ हें विशेषण दिसावयास साधें, पण तें अर्धेंच विशेषण आहे. आंबा गोड आहे असें म्हटलें तर तो खाणाऱ्या सर्वांसच गोड लागतो. आंबा स्वस्त आहे असें म्हटलें कीं कोणास, हा प्रश्न शिल्लक राहतो. परदेशांतील स्वस्ताई बहुतेक एकाच उगमांतून निघते. सोनें, कापड, लोखंड या वस्तु जहाजांत घालून कोठेंही नेतां येतात, म्हणून त्यांच्या किंमतींत देशोदेशीं फार मोठें अंतर टिकत नाहीं. परंतु हजामत, धुणें, स्वयंपाक, ओझें वाहणें, हीं कामें जहाजांत घालून परदेशीं विकतां येत नाहींत. त्यांचा भाव त्या त्या देशांतील सर्वसाधारण मजुरीवरून ठरतो. लंडनचा न्हावी आणि बँकॉकचा न्हावी यांचें कसब सारखें असलें तरी दाम सारखा नसतो, तो एवढ्यासाठींच. तात्पर्य, परदेशांत परकीयास जें आश्चर्यकारक स्वस्त वाटतें, तें निरखून पाहिलें असतां बहुधा मनुष्याचे श्रम असतात. ही गोष्ट ज्या लेखकाच्या ध्यानांत आली त्याचें पुस्तक एका प्रकारचें होतें. ज्याच्या आली नाहीं त्याचें दुसऱ्या प्रकारचें.

तांजिर शहरचा इब्न बतूता हा १३४६ च्या सुमारास बंगाल्यांत आला. जगांत इतकी स्वस्ताई आपण कोठेंच पाहिली नाहीं असें तो सांगतो, आणि लगेच एखाद्या वाण्याच्या वहीप्रमाणें भाव मांडूं लागतो. एका दिरहमास आठ पुष्ट कोंबड्या, एका दिरहमास पंधरा पारवे, दोन दिरहमांस एक लठ्ठ मेंढा. पुढें तूप, साखर, तिळाचें तेल आणि तलम कापड. त्याच यादींत, त्याच सुरांत, सुंदर दासीचाही भाव येतो: एक सोन्याचा दिनार. आशूरा नांवाची एक मुलगी आपण याच भावानें घेतली, असेंही तो नमूद करून ठेवतो. त्या काळीं दास्याची चाल पुष्कळ देशांत रूढ होती, म्हणून एकट्या इब्न बतूतास दोष देण्यांत अर्थ नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि कोंबडी, तूप, कापड आणि मनुष्य या चोहोंस एकाच ओळींत बसविणारी ही यादी वाचली म्हणजे पूर्वोक्त सिद्धांत किती शब्दशः खरा होऊं शकतो, हें दिसून येतें.

परंतु याच प्रकरणांत एक लहानसें वाक्य आहे, आणि त्यामुळें इब्न बतूता हा नुसत्या यादीकारांहून वरच्या पायरीवर जातो. तांदळाचा भाव दिल्यावर तो सांगतो कीं, हा भाव यंदां महाग आहे, असें तेथील लोक बोलतांना आपण ऐकलें. परकीयाला जो सुकाळ वाटत होता, तोच त्या गांवच्या रहिवाशाला महागाईचा काळ वाटत होता. इब्न बतूतानें या विसंगतीवर भाष्य केलेलें नाहीं. कदाचित् त्यास ती जाणवलीही नसेल. पण त्यानें कान उघडे ठेवले आणि जें ऐकलें तें गाळलें नाहीं. प्रवासवर्णनकाराकडून याहून अधिक मागण्याचा अधिकार टीकाकारास क्वचितच असतो, आणि एवढें देणारे लेखकही थोडेच असतात.

स्वस्त प्रवासाचा अभिमान बाळगणारा पहिला प्रसिद्ध इंग्रज म्हणजे टॉमस कोर्याट. यूरोपांतील पायपिटीवर १६११ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध करून हा गृहस्थ पुढें पूर्वेकडे निघाला, आणि अलेप्पोपासून चालत चालत १६१५ सालीं अजमीरास जहांगीर बादशहाच्या छावणींत येऊन पोहोंचला. या दहा महिन्यांच्या प्रवासांत आपला एकंदर खर्च अवघा तीन पौंडांच्या आंतबाहेर झाला, हें त्यानें घरच्या पत्रांतून मोठ्या डौलानें कळविलें. त्या तिहींपैकींही दहा शिलिंग वाटेंत लोकांनीं आपणांस फसवून घेतले, अशी त्याची तक्रार आहे. ही कमालीची काटकसर वाचून हंसूं येतें आणि कौतुकही वाटतें. पण हिशेब पुरा केला पाहिजे. काफिल्यानें दिलेलें संरक्षण, वाटेवरच्या लोकांनीं दिलेलें अन्न, सरायांतील फुकटचा आसरा, यांची किंमत कोर्याटच्या वहींत कोठें आहे? ती त्यानें दिली नाहीं. ती दुसऱ्यांनीं सोसली. पुढें त्यानें जहांगिरापुढें फारशींत एक भाषण ठोकून शंभर रुपये पदरांत पाडून घेतले. त्याच दरबारांत इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा होता. आपल्या देशाच्या माणसानें बादशहापुढें हात पसरावा, हें पाहून तो संतापला. रोला स्वतःच्या इतमामासाठीं खर्च करावा लागत होता आणि तो खर्च पुरत नाहीं अशी त्याची नेहमींची कुरकुर होती. कोर्याटला इतमामाची पर्वाच नव्हती.

या दोन इंग्रजांचें भांडण म्हणजे परदेशांतील खर्चाच्या दोन तत्त्वांचें भांडण होय. परकीयाच्या खर्चांत त्याच्या पोटाचा वांटा थोडा असतो, त्याच्या प्रतिष्ठेचा मोठा असतो. प्रतिष्ठा टाकून दिली कीं आशियांत कोणीही स्वस्तांत राहूं शकतो, हें कोर्याटनें सिद्ध केलें. मात्र त्यासाठीं लागणारें दुसरें भांडवल, म्हणजे स्वतःचें शरीर, त्यानें सढळ हातानें खर्चिलें. १६१७ च्या डिसेंबरांत तो सुरतेस अतिसारानें मरण पावला. तो खर्च कोणत्याच पत्रांत मांडलेला नाहीं.

सतराव्या शतकांतील दोघे फ्रेंच प्रवासी, टॅव्हर्नियर आणि बर्नियर, हे एकमेकांशेजारीं ठेवून वाचण्याजोगे आहेत. टॅव्हर्नियर रत्नांचा व्यापारी. १६७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील प्रवासाच्या साधनांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सुरतेहून आग्र्यापर्यंत पस्तीस ते चाळीस दिवसांच्या वाटेस गाडीचें भाडें ४० ते ४५ रुपये पडतें, असें तो लिहितो. इतमामानें जाऊं इच्छिणाऱ्यानें वीसतीस हत्यारबंद माणसें बरोबर घ्यावीं, असाही त्याचा सल्ला आहे. आणि माणसाचा पगार सारें कांहीं धरून महिना ४ रुपये, वाट लांबची असल्यास ५. हे सर्व आंकडे व्यापाऱ्यास शोभेल अशा चोखपणानें दिले आहेत, आणि इतिहासकारास ते सोन्यासारखे आहेत. पण दोन आंकडे जवळजवळ असूनही टॅव्हर्नियरनें एकास दुसऱ्यानें कधीं भागून पाहिलें नाहीं. त्यानें भागून पाहिलें असतें तर एका गाडीचें एका खेपेचें भाडें म्हणजे गाडीशेजारून चालणाऱ्या शिपायाचा दहा महिन्यांचा पगार, हें उत्तर त्यास मिळालें असतें. वाचकानें हा भागाकार स्वतः करावयाचा असतो. जुने प्रवासग्रंथ वाचण्याची ती एक चांगली संवय आहे.

बर्नियर हा वैद्य आणि तत्त्वज्ञ. दानिशमंदखानाच्या पदरीं त्यास भरपूर वेतन होतें, आणि पैसा खर्च करण्यांतही तो कृपण नव्हता. असें असून दिल्लींत आपणांस पुष्कळदां चांगलें अन्न मिळत नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. या तक्रारीचें कारण शोधतां शोधतां तो एका सिद्धांताशीं येऊन ठेपला: दिल्लींत मधली स्थितीच नाहीं, मनुष्य एक तर अमीर असावा, नाहीं तर त्यानें हालांत दिवस काढावे. चांगला माल उमरावांच्या घरीं परभारें जातो, आणि बाजारांत उरतें तें गरिबांसाठीं. पॅरिसच्या खानावळींची आठवण काढणाऱ्या एका खवय्याची ही कुरकुर खरी. पण तिच्यांतून समाजरचनेचें ज्ञान बाहेर पडलें. त्याचीं कांहीं अनुमानें पुढील इतिहासकारांनीं खोडून काढलीं आहेत. तरीही लेखक या नात्यानें आम्ही त्यास टॅव्हर्नियरच्या वर बसवितों. कारण टॅव्हर्नियर भाव सांगतो आणि बर्नियर तो भाव कां, असें विचारतो.

या सर्वांत आमच्या मतें श्रेष्ठ प्रवासवर्णन इझाबेला बर्ड या बाईंचें. १८७८ सालीं त्या जपानांत उतरल्या आणि उत्तरेकडील अपरिचित प्रदेशांतून घोड्यावरून फिरल्या. त्यांचा ग्रंथ १८८० सालीं निघाला. इतो नांवाचा अठरा वर्षांचा एक दुभाषा त्यांनीं महिना १२ डॉलरांवर ठेवला. हा मुलगा हुषार, कामसू, आणि प्रत्येक देण्याघेण्यांत आपली दलाली काढणारा होता. बाईंनीं हें लपविलें नाहीं, आणि त्यावर आदळआपटही केली नाहीं. पुढें त्यांस कळलें कीं इतो हा अगोदर एका वनस्पतिशास्त्रज्ञ साहेबाशीं महिना ७ डॉलरांच्या कराराने बांधलेला होता, आणि अधिक पगाराच्या आशेनें तो करार मोडून आपल्याकडे आला आहे. येथें सामान्य लेखकानें पौर्वात्यांच्या अप्रामाणिकपणावर एक पान खर्चिलें असतें. बर्डबाई घडलेली हकीकत सांगतात आणि इतोला पुन्हां पहिल्या धन्याच्या हवालीं करतात. निरोप घेतांना मात्र त्यांचें मन जड होतें. मुलाचे पांच डॉलर आणि बाईंची सोय, असे दोन लोभ एकत्र आल्यामुळें करार मोडला, हें त्यांच्या हकीकतींतून वाचकास आपोआप कळतें.

याच ग्रंथांत घेतलेल्या पैशापेक्षां न घेतलेल्या पैशाच्या हकीकती अधिक संस्मरणीय आहेत. अंधार पडल्यावर हरवलेला एक पट्टा शोधण्यासाठीं घोडेवाला एक री, म्हणजे सुमारें अडीच मैल, माघारीं गेला, आणि देऊं केलेले थोडेसे सेन त्यानें नाकारले. सामान नीट पोहोंचविणें हेंच आपलें काम, असें त्याचें म्हणणें. दुसऱ्या एका ठिकाणीं बाईंनीं चहाऐवजीं नुसतें पाणी घेतलें, म्हणून घरधनिणीनें रिवाजाचे दोनतीन सेनसुद्धां घेतले नाहींत. हे प्रसंग सांगून बर्डबाई जपानी लोक साधे व भोळे आहेत असा निष्कर्ष काढीत बसत नाहींत. प्रवासाचे दर ठरवून देणारी तेथील वाहतूक कंपनी किती व्यवस्थित होती, हेंही त्या तितक्याच आस्थेनें सांगतात. जेथें दर ठरलेला असतो आणि तो देणाराघेणारा दोघांस मान्य असतो, तेथें घासाघीस राहत नाहीं, आणि घासाघीस नाहींशी झाली कीं नाकारलेल्या पैशास मोल येतें. हा अनुभव इब्न बतूताच्या यादींत नाहीं, टॅव्हर्नियरच्या वहींतही नाहीं.

विसाव्या शतकांत या वाङ्‌मयानें नवें वळण घेतलें. टोनी व मॉरीन व्हीलर हें तरुण जोडपें १९७२ सालीं लंडनहून निघून खुष्कीच्या मार्गानें आशिया ओलांडून ऑस्ट्रेलियांत पोहोंचलें. त्या वेळीं त्यांच्या खिशांत २७ सेंट उरले होते. १९७३ सालीं त्यांनीं स्वस्तांत आशिया कसा ओलांडावा हें सांगणारें एक लहानसें पुस्तक स्वतःच छापून काढलें. १९७५ सालीं आग्नेय आशियावरील त्यांचें पिवळ्या वेष्टनाचें मार्गदर्शक पुस्तक निघालें, आणि पुढें लोनली प्लॅनेट या नांवानें मोठा ग्रंथव्यवसाय उभा राहिला. या पुस्तकांस वाङ्‌मय म्हणावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. त्यांनीं लक्षावधि तरुणांस घराबाहेर काढलें आणि नोकरचाकरांवांचून, कंपनीच्या किंवा सरकारच्या शिफारशीवांचून परक्या देशांत हिंडण्याचें धैर्य दिलें, हें त्यांचें श्रेय मोठें आहे. ज्यास टॅव्हर्नियरचे तीस शिपाई परवडत नव्हते, त्यास या पुस्तकांनीं वाट दाखविली.

पण एक फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. जुन्या प्रवाशास दुसरें कांहीं तरी साध्य करावयाचें असे, आणि स्वस्ताई हें त्याचें साधन असे; नव्या प्रवाशांपैकीं पुष्कळांस स्वस्ताई हेंच साध्य होऊन बसलें. अमुक गांवीं दिवसाचा खर्च किती कमी करतां येतो, याची चढाओढ सुरू झाली. कोर्याटचा डौल घरोघर झाला. मात्र कोर्याट खरोखरच निष्कांचन होता, आणि हे प्रवासी मायदेशीं परतीचें तिकीट काढूं शकणारे होते. १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या. खुष्कीचा मार्ग बंद पडला आणि स्वस्ताईचे शोधक आणखी पूर्वेकडे वळले.

तेथें त्यांस स्वस्ताईचा दुसरा उगम सांपडला. १९९७ च्या जुलैंत थायलंडचें चलन कोसळलें. तोंपर्यंत डॉलरास सुमारें २५ बाट मिळत. १९९८ च्या जानेवारींत ५० हून अधिक मिळूं लागले. परकीय प्रवाशाच्या दृष्टीनें सारा देश सहा महिन्यांत निम्म्या किंमतीस आला. त्याच सहा महिन्यांत बँकॉकमध्यें कारखाने व पेढ्या बंद पडत होत्या आणि शहरांत कामास आलेले लोक खेड्यांकडे परत जात होते. पाहुण्यांच्या वहींत जी स्वस्ताई म्हणून लिहिली गेली ती यजमानाच्या घरांत दिवाळें म्हणून लिहिली गेली. तांदूळ महाग झाल्याचें बोलणें इब्न बतूतानें ऐकलें होतें, तसलें बोलणें येथें ऐकणारे प्रवासी किती होते?

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाहीं. परकीयानें स्वस्त देशांत जाऊन खर्च केला तर त्या देशाचें नुकसान काय? उलट दिवाळें निघालेल्या थायलंडास त्या दिवसांत परकीय चलनाची गरजच होती. मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्या श्रीमंताचा पैसा पुष्कळदां परदेशीं परत जातो. गल्लींतील लहान खानावळींत जेवणाऱ्या काटकसरी प्रवाशाचा पैसा त्या गल्लींतच राहतो. हें सर्व आम्हांस मान्य आहे. प्रवाशानें स्वस्तांत राहूं नये, असें आमचें म्हणणेंच नाहीं. स्वस्ताई भोगणें हा अपराध नव्हे. तिचें कारण न विचारणें हा लेखकाचा दोष होय. खाणावळवालीस योग्य दाम देणारा आणि तिच्याशीं दोन पैशांसाठीं अर्धा तास हुज्जत घालून त्या विजयाचें वर्णन छापणारा, हे दोघेही अर्थशास्त्राच्या दृष्टीनें गिऱ्हाइकच; वाङ्‌मयाच्या दृष्टीनें त्यांच्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

अलीकडे यजमान देशांनींही आपला हिशेब मांडण्यास प्रारंभ केला आहे. २०१८ सालीं ठरलेल्या दरांत वेरूळचीं लेणीं पाहण्यास भारतीयास ४० रुपये आणि परदेशीयास ६०० रुपये प्रवेशमूल्य आहे. भूताननें तर स्वस्ताईचें दारच लावून घेतलें: २०२२ सालीं परकीयावर दर रात्रीस २०० डॉलरांचा आकार बसविला, आणि २०२३ च्या सप्टेंबरांत तो १०० वर आणला, भारतीयांस १,२०० रुपये. हे दुहेरी दर पाहून परकीय प्रवासी आपली लूट होते असें लिहितात. आम्हांस तें पटत नाहीं. वेरूळच्या रक्षणासाठीं येथील प्रजा कराच्या रूपानें रोज कांहीं देते. पाहुणा तें एकदांच, दारावर देतो. मात्र दर उघड पाटीवर लिहिलेला असावा. चोरून घेतलेला जास्त पैसा ही लबाडी. जाहीर करून घेतलेला जास्त पैसा हा कर. बर्डबाईंस जपानांत जें समाधान मिळालें तें याच उघडेपणांतून.

आतां हा सर्व विचार मराठी वाचकास कां करावयाचा, तें सांगणें राहिलें. मराठींतील एका थोर प्रवासवृत्ताचा उगमच पैशांत आहे. घरचें कर्ज फेडण्यासाठीं दक्षिणा मिळवावी म्हणून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले. मिळालेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें, आणि उरला तो ‘माझा प्रवास’ हा १९०७ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ. त्यांत प्रत्येक दक्षिणेची आणि प्रत्येक लुटीची नोंद आहे, म्हणूनच तो इतका खरा वाटतो. पुढें १९६० च्या दशकांत पु. ल. देशपांडे यांचें ‘पूर्वरंग’ मराठी वाचकांस पूर्व आशियांत घेऊन गेलें. त्या काळीं परकीय चलन मिळणें दुर्घट होतें, आणि परदेशीं गेलेला भारतीय मनुष्य एक एक नाणें मोजून खर्चीत असे. गरीब पाहुण्याची नजर आपोआपच यजमानाच्या जवळ जाते.

आज ती स्थिति पालटली आहे. २००४ सालीं रिझर्व्ह बँकेनें प्रत्येक रहिवाशास वर्षास २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली. २०१५ पासून ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. पुण्यामुंबईचीं मध्यमवर्गीय कुटुंबें थायलंड, व्हिएटनाम, बाली येथें सहलीस जातात, आणि परत आल्यावर तेथें सर्व किती स्वस्त आहे हें प्रथम सांगतात. म्हणजे आशियांतील परकीय या भूमिकेंत आतां आपणच उभे आहों. तीनशेंचारशें वर्षें जी यादी दुसऱ्यांनीं आपल्याविषयीं लिहिली, ती लिहिण्याची पाळी आपणांवर आली आहे. तींत आपण टॅव्हर्नियरप्रमाणें नुसते आंकडे मांडणार, कोर्याटप्रमाणें दुसऱ्यांनीं सोसलेला खर्च विसरणार, कीं बर्डबाईंप्रमाणें पैसा देणारा आणि घेणारा या दोघांसही माणसें म्हणून पाहणार, यावर पुढच्या मराठी प्रवासवर्णनाची योग्यता ठरेल. भाव अवश्य लिहावे. ते वाचकांच्या उपयोगी पडतात. पण भावाशेजारीं तो घेणाऱ्याची दिवसाची मिळकतही लिहावी. त्या एका ओळीनें पुस्तकाची लांबी फारशी वाढणार नाहीं, आणि शंभर वर्षांनीं तें चाळणाऱ्या वाचकास भागाकार करण्याचे श्रम वाचतील.